मधोमध

दौलतगंजात कुलश्रेष्ठांचं दुकान,
आत जायला दोन पायऱ्या खाली उतराव्या लागतात.
पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत लायसन्स,
दोन वर्षं सात महिने
कलेक्टर कचेरीत फिरून आलेलं.
"शादी-ब्याह के लिए, बहनजी? या खेत का झगड़ा?"
"निशाणा," मी म्हटलं. "कागदावरचा."
त्यांनी चष्मा पुसला आणि नारूमामांकडे पाहिलं,
खरं गिऱ्हाईक तेच असावेत अशा नजरेनं.

आजवर मी पॉइंट बावीसवर वाढले.
तिचं काडतूस शेंगदाण्याएवढं,
काठावर कुठेही ठोका, उडतं.
हे मोठं वेगळं.
पितळी बुडाच्या मधोमध एक तांबूस टिकली,
कॉलेजातल्या मुलीसुद्धा लावणार नाहीत इतकी बारीक,
आणि ठोकर तिथेच बसायला हवी.
मी ते तळहातावर घेऊन बघत राहिले.

"तीन सौ पंद्रह ले जाओ. सारा चंबल यही चलाता है."
गोळ्या मिळायची ददात नाही,
बिघडली तर दुरुस्त करणारा गल्लीत.
दुसरी तीस-झिरो-सिक्स,
मुरारच्या कुणा कर्नलची,
मुलानं परदेशातून फोनवरच विकून टाकलेली.
अक्रोडाचा दस्ता. गाल टेकतो तिथे
लाकूड झिजून काळं, गुळगुळीत.

मामा म्हणाले, हीच घे.
सांबर असो, चितळ असो, एका गोळीत बसतं.
"मामा, शिकार बहात्तर सालापासून बंद आहे."
"माहीत आहे गं. मी ताकद सांगतोय."

मग त्यांनी ती उचलली.
हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारा माणूस,
पण दस्ता खांद्याला लागला
आणि थरथर थांबली.
भिंतीवर वनखात्याचं कॅलेंडर,
एप्रिलच्या पानावर चितळ,
कान टवकारून सरळ दुकानात बघणारं.
माशी त्याच्या खांद्यामागे जाऊन बसली,
मला नळीवरून दिसत होतं.
पंखा तेवढा बोलत होता.

चाप ओढला नाही त्यांनी.
रायफल काउंटरवर ठेवली, हात धोतराला पुसले.
म्हणाले,
शिवपुरीच्या वाटेवर. मी सोळाचा.
मादी होती.
मला शिंगं दिसली होती, म्हणजे,
मागे फांद्या होत्या.
चाळीस पावलं चालली ती.
जवळ गेलो तर तोंडात गवत, अर्धं चावलेलं.
घरी सगळ्यांनी कौतुकानं खाल्लं.
"तुम्ही?"
"दोनदा वाढून घेतलं."

कुलश्रेष्ठांनी उगाच वही चाळली.

मी तीनशेपंधराच घेतली.
नवी, तेलाच्या वासाची,
कुणाच्याच गालाची नसलेली.
दस्ता मला दोन बोटं लांब.
त्यांनी शिंप्याची टेप काढून
कोपरापासून तर्जनीच्या पेरापर्यंत मोजलं,
पावतीमागे लिहिलं: साडेबारा. जनाना.
तो शब्द मी खोडायला लावला.
शर्वरी लघाटे, असं लिहा.
लिहिलं. लघाटेचं स्पेलिंग दोनदा चुकले.

"लेकिन परसों से आचारसंहिता है," पैसे मोजून झाल्यावर म्हणाले.
म्हणजे सगळ्या बंदुका ठाण्यात जमा.
खेळाडूंना सूट असते म्हणे,
अर्ज करायचा, तीन प्रतींत,
त्याच कचेरीत.

बाहेर मामांनी कचोरी मागवली, तशीच ठेवली.
मला म्हणाले, श्वास अर्धा सोडून थांबायचं,
पूर्ण सोडलास तर हात रिकामा होतो.
हे मला माझ्या कोचनं सांगितलंय
असं मी म्हटलं नाही.

निघताना दुकानातून एक उडालेलं काडतूस दिलं होतं, असंच, आठवण म्हणून.
टेम्पोत मी त्याच्या टिकलीवरचा खळगा
अंगठ्याच्या नखानं चाचपत होते.
मधोमध नव्हता.
केसभर डावीकडे.