एकवीस

नोटीस बोर्डाच्या काचेवर ऊन होतं
म्हणून बोटानं ओळ धरून वाचावं लागलं:
स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. वरुटे. एकवीस.

वडगावात, माग धडधडत असताना,
आई कांड्या भरत होती. तिला ओरडून सांगितलं, एकवीस!
ती म्हणाली, "दोन लुगडी नि तीन वार.
तीन वारात काय होतंय गं?"
शंभरातले, हे मी सांगितलंच नाही.

आधी केलं ते सगळे करतात तेच.
पेपर पुन्हा तपासायला पैसे भरले.
महिन्यानं उत्तर आलं: बावीस.
एक मार्क, आठशे रुपयांचा.
पावती जपून ठेवली. रागानं.

मग हिरेमठ सरांच्या केबिनबाहेर
तीन दिवस नुसतीच उभी राहून परत आले.
चौथ्या दिवशी सरांनीच आत बोलावलं,
माझाच पेपर माझ्यापुढं ठेवला.
आठ पानं. सूत्रं सगळी घोकलेली,
शाळेच्या कवायतीला उभी केल्यासारखी.
आकृती एकही नाही.
"ह्यात तुळई कुठं आहे?" सरांनी विचारलं.
मराठीत.
दीड वर्ष मला माहीतच नव्हतं.

दीड वर्ष मागच्या बाकावर:
विनोद कन्नडात, सिद्धता इंग्रजीत,
आणि मी दोन्हीकडं जरा उशिरा पोचणारी.
वर्ग हसून झाला की हसायची,
कळल्यासारखी मान हलवायची.
मान हलवण्याला मार्क असते
तर पहिली आले असते.

ईरण्णा बडिगेर बैलहोंगलचा. बाप सुतार.
कँटीनमध्ये त्यानं चहाचे दोन पेले पालथे घातले,
वर माझी स्टीलची पट्टी आडवी ठेवली,
मधोमध बोट दाबलं.
"नोड," म्हणाला, "बाग्तैति."
"वाकतंय," मी म्हटलं.
वरच्या अंगाला?
आखडतंय.
खालच्या?
ताणतंय.
आणि मधे?
मधे काहीच होत नव्हतं.
पट्टीच्या पोटात एक रेघ होती,
जिला ओढ नाही, दाब नाही.
न्यूट्रल ॲक्सिस. हे नाव मी सहा महिने पाठ केलेलं,
ती दिसली आज, चहाच्या ओल्या टेबलावर.
"असली रेघ बेळगावात कुठं गावंल की?"
ईरण्णानं आपल्या मोडक्या मराठीत विचारलं.
आम्ही हसलो.
एकाच वेळी.

त्यानंतर रोज रात्री पाच आकृत्या.
गणित नाही सुटलं तरी आकृती.
भार कुठं, टेकू कुठं, वाक कुठं.
"दिवा जाळून काय करूलालीस?" आई विचारायची,
वही बघून म्हणायची, "ह्या काय घसरगुंड्या?"

वीज गेली की गल्लीतले माग एकदम गप्प होतात.
अशाच एका दुपारी आई सूत पारखत होती,
दोन बोटांत ओढून, कानाजवळ धरून.
विचारलं, कुठवर ओढायचं हे कसं कळतं?
"आता सैलावलं असं वाटतं, तिथं सोडायचं.
पुढं ओढलंस तर ते मागं येत नाही.
तुटत नाही लगेच, पण येत नाही."
पुस्तकात हे पान चौऱ्याहत्तरवर आहे,
आलेखासकट.
मी तिला दाखवलं.
ती म्हणाली, "बरं काढलंय,"
आणि वीज आली.

पुन्हा बोर्ड, पुन्हा काच.
ह्या वेळी आभाळ होतं, बोट लागलं नाही.

"चौपन्न!" मी मागाच्या वरून ओरडले.
आईनं कांडी थांबवली नाही.
"सहा लुगडी," म्हणाली, "उरलं काही नाही."

उरलंय तसं.
स्तंभ का नि कधी वाकतात
ते प्रकरण मला अजून कळलेलं नाही.
त्या पेपरात ते पर्यायाला टाकलं, म्हणून सुटले.
तिथं खूण म्हणून
आठशेची पावती घातली आहे.
ईरण्णा रविवारी येतो म्हणालाय,
काठी घेऊन.