शेवटचा रकाना

देवगडच्या जेटीमागं बर्फाचं एक गोदाम बंद पडलेलं,
तिथं त्यांनी चार टेबलं मांडली, चार संगणक,
आणि भिंतीवर उमेदवाराचा हात जोडलेला फोटो.
फोटोच्या मागून अजून ओल येते.

रोजचे पाचशे, दुपारी उसळपाव.
काम सोपं. मतदारयादी उघडायची,
अनुक्रमांक, नाव, वय, घर,
आणि शेवटी एक रकाना, ज्याला मथळा नाही.

बाबलसरांनी पहिल्याच दिवशी बजावलं,
तो शब्द इथं उच्चारायचा नाही.
वरून आलंय. कोण कुठून व्हिडिओ काढील, नेम नाही.
'समाज' म्हणा, 'आपली माणसं' म्हणा,
'तिकडची मंडळी' चालेल.
रकान्यात फक्त आकडा टाका, एक ते नऊ.
कोण कितवा, ते त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर
पेन्सिलीनं लिहून दाखवलं
आणि पाकीट खिशात घातलं.

तेव्हापासून आम्ही फार सभ्य झालो.
दिवसभर कुणी कुणाला काही म्हटलं नाही.
मेस्त्री, चार.
पारकर आला की आधी पहिलं नाव बघायचं.
मुणगेकर आला की थांबायचं, गावात फोन लावायचा:
"वरल्या वाडयेतले काय खालल्या?"
पलीकडचा माणूस हसायचा, आणि सांगायचा.

बाहेर लिलावात माझी मावशी ओरडत असायची,
बांगडो, बांगडो, आजचो बांगडो!
आत आम्ही कळफलकावर हळू बोटं चालवायचो.

चौथ्या दिवशी माझ्या पडद्यावर आमची वाडी आली.
त्रेसष्ट नावं. बाबा अजून यादीत होते,
वय एकसष्ट,
जाऊन तीन वर्षं झाली तरी मताला पात्र.
शेजारच्या सर्वोत्तमनं खुर्ची मागं सरकवली.
"ह्यां तुजा तूच भर," म्हणाला
आणि चहा आणायला गेला.
कीटली मात्र टेबलावर भरलेलीच होती.

त्रेसष्ट वेळा दाबावं लागत नाही.
एकदा आकडा टाकायचा, कोपरा धरायचा,
खाली ओढायचं.
संगणकात तशी सोय आहे.
बाबांनाही तो मिळाला.

संध्याकाळी उमेदवार आले. एकेकाच्या पाठीवर हात.
"नाव काय गो तुजा?"
करुणा आचरेकर.
"वा! आचऱ्याचे!" ते हसले, पण डोळे थांबले,
आचरेकर कोणीही असू शकतात.
"वाडी खयची?"
समतानगर, मी म्हटलं.

त्या पाटीची फीत त्यांनीच कापली होती,
दोन वर्षांपूर्वी, पावसात, छत्री कुणीतरी धरलेली.
नाव बदलल्याचं पहिलं भाषणही त्यांचंच.
आता ते कपाळाला आठी घालून आठवत होते.

"म्हणजे पूर्वीची..."
आणि थांबले.

सर्वोत्तम पडद्याकडं बघू लागला.
बाबलसरांचा हात खिशावर गेला.
साहेब माझ्या तोंडाकडं बघत राहिले, प्रेमानं,
उरलेलं वाक्य मी बोलावं म्हणून.

मी पण सभ्यच आहे.
वाट बघू दे त्यांना.
मतदानाला अजून अकरा दिवस आहेत.