काळी दोन, किंचित उतरलेली

भोईवाड्यात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
धाकू मेस्त्री पेट्या जुळवतात.
पहिले दोन महिने मला नुसतं ऐकायला बसवलं.
दोन पितळी सूर एकदम वाजवायचे, विचारायचे,
"लाट कळली?"
मला गिरणी ऐकू यायची. कुणाचा तरी कुकर. माझं पोट.
"कान उघडे आहेत गं तुझे," ते म्हणायचे,
"पण घरात कोणी नाही."

मग एका मंगळवारी, का कोण जाणे,
दोन सुरांच्या मधे काहीतरी हललं,
पाळणा थांबत यावा तसं,
हळू, आणखी हळू.
त्या दिवसाचं सगळं आहे माझ्याकडे:
मेस्त्रींच्या कानामागची लाल पेन्सिल,
कानशीच्या मुठीला गुंडाळलेली सायकलची ट्यूब,
चहावर धरलेली साय
आणि सायीवर पडलेला पितळेचा कीस.
आधीच्या साठ दिवसांतलं काहीच नाही.
फी दिली होती, एवढं वहीत आहे.

तेव्हापासून लाट पिच्छा सोडत नाही.
आमच्या बिल्डिंगचा पंप आणि लिफ्ट जुळत नाहीत.
केईएमच्या पॅसेजमधल्या दोन ट्यूबलाइटीही.
त्यांच्याखाली सतरा रात्री काढल्या मी,
आत आई होती.

त्याच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला होता.
खांद्यात फोन धरून मी सूर खरवडत होते.
टोकाकडे खरवडला की चढतो,
बुडाकडे खरवडला की उतरतो,
केसाएवढा.
ती म्हणाली, "ऐक, हे ध्यानात ठेव,"
आणि काहीतरी सांगत राहिली, बराच वेळ.
मी म्हटलं, हं. हं. हो गं.

काळी दोन होती. किंचित उतरलेली.
झोपेतून उठवलंत तरी लावून दाखवीन.
तिचं बोलणं विसरले, असंही म्हणता येत नाही.
विसरायला
आधी असावं लागतं.

आता माझ्यासमोर अयाज बसतो.
अजून त्याला गिरणीच ऐकू येते.
घरून फोन आला की मी त्याच्या हातातली कानस काढून घेते,
भाता सोडून देते.
तो जिन्यात जाऊन बोलतो.
परत येतो, सांगतो,
"काही नाही. येताना कोथिंबीर आण म्हणाली."