एकतीस भाऊ

कुताइसीच्या कोर्टासमोर, औषधाच्या दुकानाला खेटून
नाझिब्रोलाची खोली. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर,
खिडकीत तिचा जुना टाइपरायटर,
त्याच्यावर आता जेरेनियमची कुंडी.
मी तिथे शिकाऊ.
पहिल्याच दिवशी तिनं माझा अंगठा धरला :
"स्पेसबारनं रकाने ढकलायचे नसतात, त्याला टॅब आहे.
आपल्याकडे जुळलेलं दुसऱ्याच्या प्रिंटरवर विस्कटतं,
आणि शिव्या आपण खातो."

मग एक बटण दाबलं, तर पानभर
ठिपके, बाण, परिच्छेदाच्या पाठमोऱ्या खुणा.
"बघ, न दिसणारं किती लिहितेस तू."
नवं पान गाठायला मी मारलेले सोळा एंटर
जिन्याच्या पायऱ्यांसारखे उभे.
"एकच पानतोड टाक.
मग वर चार ओळी वाढल्या तरी खालचं घर हलत नाही."

मथळा दरवेळी हातानं ठळक करायचा नाही, स्टाइल द्यायची.
ओळीच्या टोकाला आडनाव नावापासून तुटू द्यायचं नाही,
मधे न तुटणारी जागा घालायची :
कंट्रोल, शिफ्ट, स्पेस.
स्वतःच्या नावात मात्र ती ही जागा घालत नसे.
मी विचारलं नाही.

नोव्हेंबरात बिचिको आला, वरच्या गावाहून,
टोपी हातात, बूट चिखलानं जड.
एक तळघर, जमिनीत पुरलेले वाइनचे सहा रांजण,
आणि भाऊ.
अर्ज पुरा टाइप झाल्यावर म्हणाला,
"भाऊ काढा. प्रतिवादी लिहा."

मी शहाणी. शोधा, बदला, सर्व बदला.
यंत्र म्हणालं, बत्तीस बदल झाले.
आकडा वाचायचा असतो, हे मला तेव्हा कुठं ठाऊक!

आमच्या भाषेत भाऊ म्हणजे ज्मा.
आणि व्हिनेगर, ज्मारी.
भावाला पोटात घेऊनच आंबतं ते.

बिचिकोनं चष्मा लावून मालमत्तेची यादी वाचली.
पहिला रांजण, वाइन. दुसरा, वाइन. तिसरा, रिकामा.
पाचव्यापाशी थबकला :
"मोपासुखेरी? म्हणजे प्रतिवादी
माझ्या रांजणात आंबत पडलाय?"
आणि हसला. खोकला येईपर्यंत हसला.
मग हसू थांबलं, खोकला राहिला.

नाझिब्रोलानं कंट्रोल-झेड दाबलं, एकदाच.
एकतीस भाऊ जागेवर परत आले,
आणि एक व्हिनेगर.
मला म्हणाली, "आधी प्रत वेगळ्या नावानं ठेवायची.
'पूर्ण शब्दच शोधा' वर खूण करायची.
भावाला, भावाचा, भावानं, हे सगळं वेगळं शोधायचं,
एकेक, डोळ्यांनी."

बिचिको पडद्याकडेच बघत होता.
"हे किती मागं जातं?"
"फाइल बंद करेपर्यंत. मग नाही."
"आणि मधे जपून ठेवलं तर?"
"जपल्यानं पुसत नाही. बंद केल्यानं पुसतं."
त्यानं टोपी घातली, परत काढली.
"मग उद्यापर्यंत बंद करू नका."

त्या रात्री आम्ही हीटर बंद केला, दिवा बंद केला,
प्रिंटरची वायर काढली.
कुलूप लावताना मागं पाहिलं,
जेरेनियमवर पडद्याचा उजेड होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो आला,
कागदात गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवली.
पाचव्या रांजणातली.
अर्जाचं काही बोलला नाही,
छापायचे पैसे मात्र देऊ लागला. तिनं घेतले नाहीत.

तो गेल्यावर मी फाइलला नाव देत होते : बिचिको, शेवटची.
"शेवटची असं कधी लिहू नकोस," ती म्हणाली,
"त्याच्यानंतर आणखी तीन येतात."
आणि माझा हात बाजूला करून टाइप केलं :
बिचिको, तारीख, दोन.