धावपट्टी सव्वीस

सकाळचे सात दहा. स्लीफर्डच्या बाहेर
बीटच्या शेतांवरून धुकं असं निजून आलंय
की विंडसॉकचा नुसता दांडा दिसतो, तोही अर्धाच.
मी वहीसकट बाहेर उभी, मान वर करून,
आभाळ मोजते. त्याचा पगार मिळतो मला.

आभाळाचे आठ भाग धरायचे.
आठातले किती ढगांनी घेतले, तेवढा आकडा लिहायचा.
सुरुवातीला हात अडायचा,
मग वडिलांच्या दुकानातली मापं आठवली,
फळीवर उतरंडीने ठेवलेली, तळाशी ठोकलेली:
नवटाक, पावशेर, अच्छेर.
तेव्हापासून अडलं नाही.

फक्त धुक्याचं गणित वेगळं.
आभाळच दिसत नसेल तर लिहायचं नऊ.
आठातले नऊ!
असं माप वडिलांनी
दुकानाच्या पायरीवर चढू दिलं नसतं.
मी लिहिते नऊ.

आठ वाजता ब्रीफिंग.
इथे हवेला रंगांची नावं आहेत. निळा म्हणजे खुशाल उडा,
मग पांढरा, हिरवा, पिवळा, अंबर, उतरत उतरत
लाल म्हणजे किटली लावा.
"लाल," मी सांगते, "दहापर्यंत. अकराला कदाचित हिरवा."
"कदाचित," हेस्केथ सर म्हणतात, तो शब्द
जणू मी खिशात लपवून आणला होता.
मागच्या रांगेत रिअॅनन प्यू संत्रं सोलतेय,
साल कुठेही न तोडता.
तिचं पहिलं एकटीचं उड्डाण
तिसऱ्यांदा माझ्या तोंडाकडे बघत थांबलंय,
ती मात्र बघत नाही.

काळाही रंग आहे. तो हवेचा नाही.
काळा म्हणजे धावपट्टीच बंद.
मागच्या आठवड्यात सगळा सोमवार काळा होता,
आणि वर, चिडवल्यासारखं, स्वच्छ ऊन.
आउथवेट नावाचा म्हातारा रंगारी गुडघ्यांवर बसून
सत्तावीसमधला सात खरवडत होता.
टेकायला जुनी उशी, शेजारी पत्र्याचा साचा: सहा.
"चुकलं होतं का?" मी विचारलं.
"नाही बाई. उत्तर सरकली."

त्याच्या इंग्रजीचं मी मनात मराठी केलं
आणि तिथेच अडखळले. सरकली की सरकलं?
दिशा असेल तर ती, परीक्षेतलं असेल तर ते,
शब्द एकच.
डांबर जागचं हललेलं नाही,
युद्धात ओतलं तेव्हा होतं तिथेच आहे.
कॅनडाच्या वरून कुठेतरी सैबेरियाकडे निघालेल्या
एका बिंदूच्या मागे सुई केसाकेसाने वळत राहिली,
आणि एका सोमवारी
नकाशे, पाट्या, तोंडात बसलेली वाक्यं
सगळी एका अंकाने चुकीची निघाली.
पाऊस पडला की अजून
सहाच्या पोटात सातची तिरकी रेघ दिसते.

दहा चाळीस. धुकं उठतं ते तुकड्यांनी.
आधी कुंपण, मग हँगर, मग गवतात टिटव्या,
इथल्या टिटवीला शेंडी असते.
पक्षी हाकणारा जीपमधून फटाका उडवतो,
त्या उठतात, वळसा घालतात,
पुन्हा तिथेच बसतात.
वारा आडवा, सात नॉट. चालेल.
मी फोन उचलून म्हणते, हिरवा.
माझा आवाज मला जरा मोठा वाटतो.

रेडिओवर रिअॅननचा आवाज:
"धावपट्टी सत्तावीस..." आणि एक खरखर,
"चूक. सव्वीस."
टॉवरमध्ये कोणीतरी हसतं, प्रेमानेच.
मग ते छोटं विमान दोन्ही अंकांवरून पळत जातं,
बीटच्या शेतांआधीच उचललं जातं,
मागची सीट रिकामी.

दहा पन्नास. नोंदीची वेळ.
मी बाहेर येते, मान वर करते.
पाच की सहा? पूर्वेला एक ढग
अजून ठरवतोय. त्याच्या मागे ती गेली.
थांबते. पेन हातात.
आवाज येतोय, विमान नाही.
मग काठावरून ठिपका निघतो, डावीकडे वळतो,
आणि ढगाची फट मला नीट दिसते.

लिहिलं: पाच.
अच्छेर, आणि वर नवटाक.