पॅसेज चौदा

रविवारी प्रयोगशाळेत कुणी नसतं. मी येते.
तार्तूची नदी गोठलीय, बस रिकामी,
आणि सदतीस अंशांच्या कपाटात
सावाच्या पेशींना भूक लागलेली.
भुकेल्या की त्यांचं गुलाबी पाणी पिवळं पडतं.
रडायची तेवढीच सोय.

मसुराएवढी कातडी, डाव्या दंडावरची.
वय साडेचार. ‘हलला नाही’,
नोंदवहीत कुणाचं तरी घाईतलं अक्षर.
तो जाऊन सहा वर्षं झाली.
कातडीच्या मात्र अजून खाल्लेलं अंगी लागतं.
बशी भरली, अंगाला अंग लागलं
की त्या वाढायच्या थांबतात, शहाण्यासारख्या;
मग मी त्यांना नवी बिऱ्हाडं थाटून देते.
ही चौदावी वेळ. विशीच्या आसपास दमतील.

रंग घातला की आतल्या पिशव्या दिसतात,
फुगलेल्या, गच्च.
धडधाकट पेशी आपला केर आपणच जिरवते.
इथं एक कात्री बोथट.
तुटायचं ते तुटत नाही, साठतं, साठत राहतं,
आधी जिना चढणं जातं,
मग हाक मारल्यावर वळून बघणं.
आमच्या लेखात हे एका ओळीत आहे.

गुरुवारी त्याची आई आली, येफ्रोसिन्या,
पेइप्सी सरोवराच्या काठावरून,
खांद्यावर कांद्यांची वेणी.
तिची रशियन संथ, माझी मोडकी.
सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, यातला सावा कुठला?

उत्तर मला येत होतं:
सगळ्या; किंवा एकही नाही.
मी पडद्यावर पेनाचं टोक टेकवलं. हा.
का, ते विचारू नका.
बाकीच्या लांबट, निमुळत्या, एका दिशेनं निघालेल्या,
ही एकटी गोल, थेंबासारखी आवळलेली.
तिनं मान हलवली. असाच झोपायचा, म्हणाली,
गुडघे पोटाशी घेऊन.

ती कोट चढवून स्टँडवर पोचेपर्यंत
त्या गोल पेशीच्या दोन झाल्या होत्या.
मागे धावून सांगावं असं वाटलं.
नाही गेले.

सहाव्या बशीत चौथं रसायन घातलंय.
पिशव्या जरा लहान वाटतात.
वाटण्याला इथं किंमत नाही,
तीनदा मोजायचं, तेही दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी.
येफ्रोसिन्याला कळवलेलं नाही.

वेणी दाराबाहेर खुंटीला आहे; खाण्याची वस्तू आत चालत नाही.
हातमोजे चढवते.
एकशे बारा, एकशे तेरा...
चुकले. पुन्हा एकपासून.