हातचा

मॉरीन ऑकरॉइड लीड्सच्या कर कार्यालयात
सव्वीस वर्षं आकडे मांडते.
तिच्या तक्त्यात एक रकाना आहे :
न आलेला पैसा.
आलेल्याची पावती असते, गेलेल्याचं बिल.
न आलेल्याला कुणी विचारत नाही,
बाबा रे, कुठे होतास?

पहिलं घर घेणाऱ्यांना मुद्रांक शुल्क माफ झालं
त्या मंगळवारी ऑफिसात कुणीतरी केक आणला.
गुरुवारी
इस्टेट एजंटच्या काचेतल्या पाट्या बदलल्या.
उतारावरचं ते विटांचं घर,
दोन लाख दहा हजारांचं,
दोन लाख चौदा.
मोरी तीच, भिंतीची ओल तीच,
माळ्यावर कबुतराचा सांगाडाही तोच.

तेच घर तिच्या लेकीनं घेतलं.
किल्ली फिरेना, फेमीनं दाराला खांदा लावला,
आणि बेथन रिकाम्या खोलीत उताणी पडून म्हणाली,
आई, हे छत माझं.
मॉरीनला रडू आलं. खोटं कशाला बोला,
त्या वेळी रकाना बिकाना काही आठवलं नाही.

आठवला परतताना.
एक्केचाळीस नंबरची बस उन्हाळ्यापासून बंद.
खांब तेवढा उभा,
वेळापत्रकाच्या काचेआड एक गोगलगाय
सव्वासातवरून साडेसातकडे निघालेली.

चढावर तादेउश भेटला, रात्रपाळीला चाललेला.
बेकरीत एकोणीस वर्षं, भाड्याची ही अकरावी खोली.
घर घेण्याइतके कधी साठलेच नाहीत,
म्हणून माफ होण्यासारखंही काही नाही.
कर मात्र तोही भरतो,
बिअरमध्ये, बुटांत, पगाराच्या चिठ्ठीत.
पोरीला घर मिळालं म्हणे?
आणि हसला, अगदी मनापासून.
बेथनच्या दारात त्याचाही वाटा आहे,
मॉरीनला हिशेब करून सांगता आला असता, पेनीपर्यंत.
ती म्हणाली, हो. छत जरा गळतं.

सोमवारी तक्ता उघडला.
शाळेत मिस प्रॉक्टर पट्टी आपटून सांगायच्या,
हातचा लिहून ठेवा गं,
नाहीतर बेरीज दिसते बरोबर आणि असते चूक.
बेथनचं घर रकान्यात गेलं,
इतर हजारोंसारखं, नावगाव नसलेलं.
चार हजार. हातचा एक.
कुणाच्या हातचा,
ते लिहायला तक्त्यात जागा नाही.

पाचला मॉरीननं दिवा मालवला,
थांब्यावरून न थांबता पुढे गेली.
डाव्या बुटाचा तळ उसवलाय.
या महिन्यात नवे घ्यायला हवेत.